दुसऱ्याचा खडा

अहमदनगर,
शनिवार, १३ ऑक्टोबर १९७३

प्रिय केशर,

हे पत्र नर्सकडून वाचून घेऊ नकोस. चष्मा लाव, उशी पाठीशी नीट घे आणि स्वतःच वाच. राधाकृष्णाच्या हाती तर मुळीच देऊ नकोस. तुझा मुलगा वकील झाल्यापासून त्याला कागदावर माणसं दिसेनाशी झाली आहेत, नुसती कलमं दिसतात. बुधवारी त्याचं पत्र आलं. टाइप केलेलं! ज्या पोराचं शेंबडं नाक मी माझ्या पदरानं पुसलं, तो मला टाइप करून कळवतो की सोमवारी सकाळी दहा वाजता आंबेदऱ्याच्या चावडीवर कारभारीचा निकाल लागणार आहे, तुमचा लेखी जबाब पुरेसा आहे, तरी आपण येण्याची तसदी घेऊ नये. ‘आपण’! मी त्याची रतनमावशी की जिल्हा न्यायाधीश? पत्र वाचून मी इतकी संतापले की चहा दोनदा उतू गेला. संताप त्याच्यावरच होता असं मला बुधवारी वाटत होतं.

कारभारीवर काय आरोप आहे ते तुला ठाऊक आहे, कारण तो तुझ्याच नावानं ठेवला आहे. दरीच्या तोंडाशी वाघोबापुढच्या शिळेवर ठेवलेला तुझा खडा त्यानं लवकर घरी जाता यावं म्हणून स्वतःच उचलून फेकला, आणि तुला आत सोडून तो निघून गेला. तो म्हणतो, मी आलो तेव्हा शिळा रिकामी होती. त्याच्यावर कुणाचाही विश्वास नाही. ग्रामपंचायतीनं त्याला वाटाड्याच्या कामावरून काढलं आहे, आणि सोमवारी त्याच्या घरातून वाघोबाची राखणही काढून घ्यायची असं ठरतंय. ती राखण त्याच्या आज्यापासून त्यांच्याकडे आहे. कामाचं एक वेळ सोड. ती राखण गेली तर त्या माणसाला त्या गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

आणि सहलीला जबाबदार कोण? आपले कानिफनाथ गुरुजी! निवृत्त शिक्षक मंडळाचे कार्यवाह. गळ्यात शिट्टी अडकवून तेरा म्हाताऱ्यांना डोंगरात घेऊन गेले, शिट्टी वाजवली फक्त फोटोसाठी, आणि एकदाही डोकी मोजली नाहीत. आता तेच जो भेटेल त्याला सांगत सुटलेत, ‘अडाणी लोक हो, त्यांच्यावर विसंबलो ही आमची चूक.’ परवा कापडबाजारात मला भेटले. मी म्हटलं, ‘गुरुजी, तुमचा गुडघा आता कसा आहे? ज्या अडाण्यानं तुम्हाला खांद्याला धरून दीड मैल चालवलं, त्याला कळवायला हवं.’ त्यांना एकाएकी पेढीवर जायचं आठवलं.

पण मुळात आपण का गेलो? तुझ्यामुळे. गणपती उठले त्या आठवड्यात तुझं जामखेडहून कार्ड आलं होतं, अजून माझ्या टेबलावर आहे. ‘रतन, दोन वर्षं मी पाणी टँकरमधून उतरताना पाहिलं. घागरींच्या रांगेत उभं राहून पाहिलं. आता ते डोंगरावरून उतरताना पाहायचं आहे. कुणाच्याही घागरीत नाही, नुसतं वाया जाताना.’ मी हसले होते. मीही दोन वर्षं शाळेच्या वाटेवर खडी फोडणाऱ्या बायका पाहिल्या होत्या, त्यात माझ्या दोन जुन्या विद्यार्थिनी होत्या. मलाही असं पाणी पाहायचं होतं, ज्याच्यासाठी कुणाला भांडावं लागणार नाही.

ती सकाळ मला सारखी आठवते. राजूरच्या बंगल्यावरून जीप आणि टेम्पो निघाले तेव्हा भातखाचरांवर धुकं बसलं होतं. तू टेम्पोच्या फळीवर बसून नवे कॅनव्हासचे बूट सगळ्यांना दाखवत होतीस, साठाव्या वर्षी, शाळेच्या पहिल्या दिवशी दाखवावेत तसे. आंबेदऱ्याला कारभारी उभा होता. किडकिडीत, कानात बाळी, खांद्यावर घोंगडी. त्यानं आपल्याला आधी ओढ्यात उतरवलं आणि प्रत्येकाला एक खडा उचलायला लावला. मग ते वाघोबापुढं शिळेवर ठेवायला लावले. गुरुजी कुजबुजले, ‘शिकलेल्या लोकांना खडे वेचायला लावतोय.’ कारभारीनं ऐकलं असावं, पण तो चिडला नाही. म्हणाला, ‘आत जाताना ठिवायचा, भाईर येताना उचलून पान्यात सोडायचा. दिवस मावळायला मी बघतो. शिळंवर खडा ऱ्हायला तर मानूस आत ऱ्हायला. मंग आमी दोर घिऊन जातो. पन ज्याचा त्यानं ठिवायचा आन् ज्याचा त्यानंच उचलायचा. नवऱ्यानं बायकूचा न्हाई, मायनं लेकराचा न्हाई.’ मी आपली वर्गाला विचारावं तसं विचारलं, ‘आणि लेकरू रांगतं असलं तर?’ तो म्हणाला, ‘मंग त्याला कडंवर घ्यायचं बाई, आन् त्याच्या मुठीनं उचलायचा.’ तू टाळी वाजवलीस. म्हणालीस, ‘रतन, तुझ्या हजेरीबुकापेक्षा ही पद्धत चांगली. यात खोटं बोलता येत नाही.’ तुझा खडा तांबूस होता, कडेला पांढरी रेघ. माझा काळा, साधा.

तू हे बोललीस आणि मला पुण्याचं कॉन्व्हेंट आठवलं. तुलाही आठवलंच असणार, म्हणून तर तू माझ्याकडे बघून डोळा मिचकावलास. मी चौदा वर्षांची, भिंतीवरून पलीकडच्या बागेत चिंचा पाडायला गेलेली, आणि इकडे संध्याकाळच्या हजेरीत मदर बर्नडेटनं माझं नाव पुकारल्यावर तू आपल्या नाकातल्या आवाजात ‘प्रेझेंट, मदर’ म्हणालीस. पकडली गेलीस. आठ दिवस जेवणाच्या टेबलावर तुझ्याशी कुणी बोलायचं नाही अशी शिक्षा झाली. मी कुठे होते ते तू सांगितलं नाहीस. मी समोर बसून आठ दिवस जेवले आणि मीही सांगितलं नाही. पुढे मी चौतीस वर्षं शाळेत हजेरी घेतली, दुसरीच्या नावाला ‘हजर’ म्हणणाऱ्या मुलीला वर्गाबाहेर उभं केलं, आणि दर वेळी तुझी आठवण काढली. तुला हे कधी कळवलं नव्हतं.

दरी सुंदर होती, हे कबूल करायला हवं. आत जावं तसे दोन्ही कडे जवळ येत होते आणि दर वळणावर एक धार. कारभारीला प्रत्येकीचं नाव ठाऊक होतं. कातळावर सोनकीची पिवळी फुलं, खाली तेरडा, आणि अंगावर सतत तुषार. तू तोंड वर करून चालत होतीस, मी खाली बघून. आपण इतकी वर्षं अशाच चालत आलो आहोत. पाचवी रांजणधार. तिथं पाणी कातळातल्या गोल खड्ड्यात पडतं, रांजणात ओतावं तसं, आणि आवाजही तसाच घुमतो. तिथं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. पुढच्या दोन धारा गुरुजींच्या गुडघ्यानं रद्द केल्या. कारभारी त्यांना धरून निघाला, बाकीचे मागोमाग. जाताना तो आपल्याला म्हणाला, ‘बाई, लई येळ बसू नका. वरच्या वाटनंच या. खालची जवळ दिसती, पन शेवाळली हाय. आन् वर ढग हाय.’

मग तू ते बोललीस. आवाजामुळे तुला दोनदा सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा तू ते ओरडून सांगितलंस, म्हणून ते मला जास्त लागलं असेल. तू नगरला माझ्याकडे राहायला येणार नाहीस. राधाकृष्ण पुण्याला जागा घेतोय, तू तिकडे जाणार. केशर, मी मागच्या अंगणाकडची खोली तुझ्यासाठी रंगवून घेतली होती. तुला उजेड डावीकडून लागतो म्हणून खिडकी दुसऱ्या भिंतीत काढली. गवंड्याशी महिनाभर भांडले. निवृत्त झाल्यावर दोघींनी एकत्र राहायचं हे आपण किती वर्षं म्हणत होतो? आणि तू ते मला दशमी खाता खाता सांगितलंस. मी काय म्हणाले ते तुझ्या लक्षात असेल. ‘तुला जन्मभर हाकायला कुणीतरी लागलं. आधी बाप, मग नवरा, आता पोरगा. शेळी आहेस तू.’ बुटाची नाडी बांधत राहिलीस. मी उठले आणि निघाले. मागून तू हाक मारलीस, एकदाच. ती मी ऐकली होती. इस्पितळात मी तुला सांगितलं की धबधब्याच्या आवाजात ऐकू आली नाही. ऐकली होती.

पुढचं तुला ठाऊक नाही. आता नीट वाच.

मी वरच्या वाटेनं आले. भरभर, रागानं, अर्ध्या तासात. दोनदा मागं पाहिलं. तू दिसली नाहीस. मी मनाशी ठरवलं, ही खालच्या जवळच्या वाटेनं माझ्याआधी पोचली असणार, मला दाखवायला. दरीच्या तोंडाशी आले तेव्हा जीप गुरुजींना घेऊन पुढे गेली होती. कारभारीही गुरुजींना उतरवायला तिच्यातून गावात गेला होता. टेम्पो उभा होता. शिळेवर दोन खडे होते. एक काळा, एक तांबूस.

केशर, मी दोन्ही उचलले. दोन्ही ओढ्यात फेकले. कारभारी परत आला तेव्हा शिळा रिकामी होती. तो खरं बोलतोय. दिवस मावळायच्या आधी आला, रिकामी शिळा पाहिली, वाघोबाला हात जोडले आणि घरी गेला. त्यानं त्याचं काम चोख केलं होतं. टेम्पोत रंगुबाई देशमुखांनी विचारलं, ‘केशरबाई कुठायत?’ मी म्हटलं, ‘जीपमधून पुढे गेली.’ शाळेत वापरायचे त्या आवाजात म्हटलं. त्या आवाजाला चौतीस वर्षांत कुणी उलट विचारलेलं नाही. राजूरला पोचलो, जीपवाले म्हणाले आम्हाला वाटलं ती तुमच्यात आहे, आणि तेव्हा मला कळलं. जीप परत गेली तोवर वर पाऊस होऊन ओढा भरला होता, दोरानंही पार होता येईना. तुझा खडा शिळेवर असता तर कारभारी उजेड असतानाच, पाणी चढायच्या आधी, आत गेला असता. तू खालच्या वाटेवर घसरून पडली होतीस, आपण बसलो होतो तिथून शंभर पावलांवर. ती रात्र तू तिथं कशी काढलीस त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. मला त्याचा अधिकार नाही. पहाटे पाणी कमरेला असताना तो आत गेला आणि तुला पाठीवर बांधून त्यानं बाहेर आणलं. तुझ्या पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, आणि तू त्याला ‘दमलास का रे’ विचारत होतीस, असं तो सांगत होता.

त्याच दिवशी सरपंचांनी, सहादेव पाटलांनी, सगळ्यांचे जबाब लिहून घेतले. मला विचारलं, ‘बाई, तुमी आला तवा शिळंवर किती खडे हुते?’ मी म्हटलं, ‘आठवत नाही.’ त्यांनी लिहिलं, मी सही केली. वळणदार, इंग्रजीत. मला! ज्या बाईला १९४६ सालच्या अकरावीच्या वर्गातल्या मुलींची नावं हजेरीच्या क्रमानं पाठ आहेत, तिला दोन खडे आठवत नाहीत. कारभारी समोर ओल्या घोंगडीत बसला होता. तो माझ्याकडे पाहत नव्हता. बरं झालं.

तुला भेटायला मी पुण्याच्या इस्पितळात दोनदा आले. दुसऱ्यांदा तू विचारलंस, ‘रतन, तो इतका चांगला माणूस, त्यानं माझा खडा का गं फेकला असेल?’ मी तुझी चादर सारखी केली, नर्सला तांब्या धुतला नाही म्हणून झापलं आणि बस पकडायची म्हणून निघाले. बसला अजून दोन तास होते. स्वारगेटला बाकावर बसून राहिले.

हे असंच चाललं असतं. मी राधाकृष्णावर, गुरुजींवर, दुष्काळावर, सरकारवर संतापत राहिले असते, मला ते चांगलं जमतं. पण परवा, गुरुवारी दुपारी, दारात एक बाई उभी. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, हातात फडक्याची गाठ. ‘रतनबाई मास्तरीन हितंच ऱ्हात्यात का?’ म्हणाली. कारभारीची बायको, झुंबरबाई. आंबेदऱ्याहून निघून, एसटी दोनदा बदलून, पत्ता विचारत आली होती. खुर्चीवर बसेना. उंबऱ्याच्या आत खाली बसली आणि तिनं गाठ सोडली. आत तुझा डाव्या पायाचा बूट होता. धुऊन, वाळवून, नाडी बांधून. ‘मालक पुन्हा गेल्तं दरीत. रांजनाखाली गावला. नवा हाय, त्या बाईंना लागंल म्हनलं.’ तुझा डावा पाय पुन्हा बुटात जाईल की नाही हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही, आणि ती चाळीस कोसांवरून बूट घेऊन आली होती.

मी चहा केला. ती बशीतून प्यायली. मग म्हणाली, ‘बाई, गावात आमच्या हातचं पानी कुनी घेत न्हाई. कामाचं न्हाई म्हनत मी, काम दुसरं मिळंल. पन खडा फेकला म्हनत्यात. सासऱ्यानं मरताना ह्यास्नी शिळंवर हात ठिवायला लावला हुता. मानूस जेवना झालंय.’ ती बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होती. मग अगदी हळू म्हणाली, ‘तुमचा खडा तुमी उचलला, तवा शेजारी दुसरा हुता का न्हवता, येवढंच सांगा. तुमच्या हातनं झालं आसंल तरी सांगा बाई. चूक मानसाच्याच हातनं हुती. कुनी तुमाला खानार न्हाई.’ केशर, तिला कळलं होतं. येताना वाटेत कळलं, की माझ्या तोंडाकडे पाहून, कोण जाणे. मी तिला ‘बघते’ म्हटलं. ‘बघते’! अर्ज घेऊन येणाऱ्या पालकांना म्हणायचे तसं. ती उठली, बशी स्वतः विसळून पालथी घातली, आणि ‘येते बाई’ म्हणून निघून गेली. माझ्यावर आजवर कुणी इतकं कमी रागावलेलं नाही, आणि मला इतकं कुणी झोडपलेलंही नाही.

तेव्हापासून मी तो क्षण पुन्हा पुन्हा तपासतेय, कारण मघाशी तुला लिहिलं तेही पूर्ण खरं नाही. ‘तू पुढे गेलीस आणि विसराळूपणानं खडा उचलायला विसरलीस, म्हणून मी तुझं राहिलेलं काम करून टाकलं’, असं मी चार आठवडे स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. तुझा खडा शिळेवर आहे म्हणजे तू आत आहेस, एवढं कळण्याइतकी मी शहाणी आहे. माझा मी हळूच पाण्यात सोडला. तुझा मात्र उचलून जितका लांब फेकता येईल तितका फेकला. मला वाटलं, जा, पुण्याला जा, पोराकडे जा, मला तुझी मोजदाद ठेवायची नाही. ते दोन पळांचं होतं, केशर. पुढच्या पळाला टेम्पोवाल्यानं भोंगा वाजवला, आणि तुला हाक मारायला परत वळणं मला कमीपणाचं वाटलं. तुझा पाय यातून मोडला. कारभारीनं काहीच केलं नाही.

मी उद्या दुपारच्या एसटीनं अकोलेमार्गे निघते, रात्री राजूरला मुक्काम. हे पत्र आज संध्याकाळच्या टपालात पडेल आणि सोमवारी सकाळी तुझ्या हातात असेल, तेव्हा मी आंबेदऱ्याच्या चावडीत बसलेली असेन. राधाकृष्ण समोर असेल. तो चकित होईल, मग चिडेल, मग तुला फोन करायला राजूरला धावेल, आणि त्याच्या तोंडून हे तुला आधी कळू नये म्हणून मी आज लिहायला बसले. जुना जबाब फाडा म्हणून सांगणार आहे, नवा मराठीत लिहून देणार आहे, सगळ्या गावासमोर वाचून दाखवणार आहे, आणि मग झुंबरबाईच्या घरी जाऊन तिच्या हातचं पाणी मागणार आहे. ती देईल की नाही तो तिचा प्रश्न. तू मला क्षमा करावीस असं मी लिहीत नाही, तुला मी ओळखते, तू घाईनं करून टाकशील. या वेळी घाई करू नकोस. मागच्या अंगणाकडच्या खोलीत तुझा बूट खिडकीत ठेवला आहे. पुण्याला जायचं तर खुशाल जा, मी तुला शेळी म्हणाले ते मागे घेते. फक्त एवढं ध्यानात ठेव, की सोमवारी सहादेव पाटील माझं नाव पुकारतील तेव्हा सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्या नावाला ‘हजर’ मी स्वतः म्हणणार आहे.

तुझीच, जशी आहे तशी,
रतन